कोबीवरचे साहेब

अळीमावशी पहाटे उठून मोच्याच्या आरीनं कोबीच्या पानांना भोकं पाडते, अशी आमच्या बाजारात बातमी होती. बातमीचा मालक शेजारच्या गाळ्यावरचा कांदेवाला. तो एक डोळा बारीक करायचा, आवाज घशात ओढून घ्यायचा आणि सांगायचा, "या डोळ्यांनी बघितलंय. एका पानाला चाळीस भोकं. वर एक अळी चिकटवते, डिंकानं. गिऱ्हाइकाला वाटतं, अळीनं खाल्लंय म्हणजे औषध मारलेलं नाही. की चालले पिशवी भरून." समोरच्यानं "काय सांगता" म्हटलं की लगेच "जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय" म्हणून तो कांद्याची सालं झटकायला लागायचा, जणू विषय समोरच्यानंच काढला होता.

खरं सांगायचं तर भोकं होती आणि अळ्याही होत्या. आरी नव्हती, डिंक नव्हता. अळ्या पाळलेल्या होत्या.

मावशीच्या गाळ्यात मागच्या फळीवर काचेच्या सात बरण्या असायच्या, तोंडाला पातळ फडकं बांधलेल्या. पाचांत करंगळीच्या नखाएवढ्या पोपटी अळ्या, एकीत कोष, एकीत राखाडी रंगाचे इवलेसे पतंग. मावशी विकायची ते फक्त कोबी, फ्लॉवर आणि मुळा, कारण तिच्या अळ्या दुसऱ्या कशाला तोंड लावत नसत. उजाडता उजाडता मळ्यांवरून माल आला की ती प्रत्येक पोत्यातलं एक पान काढायची, उभं फाडायची, अर्धं बशीत ठेवायची, त्यावर एक अळी सोडायची आणि वर पेला उपडा घालायची. मग पाणी मारणं, तराजू पुसणं, ढीग रचणं. नऊ वाजता पेले उचलायचे. अळी चालत असेल, पान कुरतडलेलं असेल आणि बाजूला मोहरीपेक्षा बारीक काळे दाणे पडलेले असतील, तर माल पास. ते भोकाभोकांचं अर्धं पान ढिगावर सगळ्यांत वर लागायचं. अळी वाकडी होऊन पडली असेल, तर पोतं जसंच्या तसं मळेवाल्याच्या टेम्पोत परत.

फाडलेल्या पानाचं दुसरं अर्धं मावशीच्या नातीचं. नात चार वर्षांची. पुढचे दात मोठे आणि दिवसभर तोंड चालू, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणायचे. आई कपड्यांच्या कारखान्यात, बाप लांब पल्ल्याच्या बसवर, त्यामुळे ती आजीबरोबर गाळ्यावर. पेला उचलला की आधी तिची मान पुढं. काळे दाणे दिसले की ती उलट्या टोपलीवर उभी राहून बाजारभर ऐकू जाईल असं ओरडायची, "साहेबांनी शी केली." मग टोपलीवर बसून आपलं अर्धं पान करकर खायची. गिऱ्हाइकं त्या ओरडण्याची वाट बघत थांबलेली असायची. बँकेतल्या बाई, शाळेतल्या बाई, घड्याळ दुरुस्त करणारा, सगळे. घरात बाळंतीण असो नाहीतर पथ्याचा म्हातारा, पोरीनं पान तोंडात घातलं की पिशव्या पुढं व्हायच्या.

अळीला 'साहेब' हे नाव दिलं मळेवाल्यानं. सगळ्यांत जास्त कोबी त्याचाच. तो तोंड वाकडं करून बारीक आवाजात म्हणायचा, "सरकारी साहेब वर्षातून एकदा येतात, एक फ्लॉवर पिशवीत घालतात, पिशवीवर शिक्का मारतात. त्या फ्लॉवरचं पुढं काय झालं, ते त्याच्या घरच्यांनासुद्धा कळत नाही. मावशीचे साहेब बरे. रोज हजर, जागेवर निकाल, आणि पानाशिवाय काही खात नाहीत."

मावशी हसायची, पण या कामात तिला थट्टा नव्हती. तिचा नवरा पाठीवर पंप बांधून दुसऱ्यांच्या मळ्यांत फवारणी करायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा शर्टाची पाठ ओली असायची, आणि तो वास तीन पाण्यांत धुतला तरी जायचा नाही. पुढं त्याच्या बोटांना कंप सुटला. शेवटच्या वर्षी त्याच्या शर्टाची बटणं मावशीच लावायची. तो एकदा सांगत होता, फवारलेल्या वाफ्यातून परत चालत आलं की अळ्या पानांवरून टपटप पडत असतात, पावसासारखा आवाज येतो. तो गेला आणि मावशीनं गाळा घेतला, तेव्हा हा आवाज तिच्या कानात होता. चार वर्षांपूर्वी एका गड्ड्यात तिला दहा-बारा अळ्या सापडल्या. त्या तिनं फेकल्या नाहीत, बरणीत घातल्या.

पहिल्या वर्षी दहांतली चार पोती परत जायची. मळेवाले तोंड पाडून टेम्पो वळवायचे आणि वळता वळता जे बोलायचे ते तेव्हा मांडीवर असलेल्या खारूताईच्या कानावर पडू नये म्हणून मावशी तिचे कान धरायची. दुसऱ्या वर्षी दोन परत गेली. तिसऱ्या वर्षी एखादं. या वर्षी एकही नाही.

"माझ्या धाकानं सुधारले," मावशी कांदेवाल्याला ऐकू जाईल असं म्हणायची.

मेलेली अळी ती टिचकीनं गटारात उडवायची. पास करणारी अळी मात्र मानानं बरणीत परत जायची, तिचा कोष व्हायचा, पतंग व्हायचा, फडक्यावर अंडी पडायची. "जातिवंत आहेत," मावशी म्हणायची. "कच्च्या होत्या त्या गेल्या. या उरल्या त्या खानदानी." पिढ्या मोजणं तिनं केव्हाच सोडलं होतं.

तिच्या गाळ्यावर माशा बसायच्या नाहीत. गिऱ्हाइकं कौतुक करायची, "बाई, किती स्वच्छ ठेवता हो." मावशी सकाळी ढिगाखालून केर काढायची तेव्हा केरात मूठभर माशा असायच्या, पाय वर केलेल्या. त्या ती केराबरोबर टाकून द्यायची. बाहेरची पानं खायला एक शेळी यायची, ती हिवाळ्यापासून दिसली नव्हती. शेळ्या काय, कुठंही जातात.

मग पोस्टमास्तर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी मास्तर तार केल्यासारखेच बोलायचे, शब्दाला पैसे पडतात अशा बेतानं. "कोबी. मध्यम. घट्ट." मावशीनं दिला की "पोचला" म्हणायचे. एक दिवस पिशवी पुढं करण्याआधी त्यांनी खालच्या ओठाला बोट लावलं.

"मुंग्या."

"कुठं, मास्तर?"

"ओठ. जीभ. जेवल्यावर."

"चहा कढत पीत असाल."

"चहा बंद. डॉक्टर."

"मग वय झालं म्हणायचं," मावशी म्हणाली. "माझ्या कोबीला नाव ठेवू नका. बघा, नात काय खातेय." खारूताईनं तोंड उघडून चघळलेलं पान दाखवलं. मास्तरांनी मान हलवली. "पोचला," म्हणाले आणि गेले.

गुरुवारी मळेवाल्यानं आणलेला कोबी चित्रातल्यासारखा होता. एकही भोक नाही, देठ ताजे, पानांवर पांढुरकी झाक. मळेवाला जांभया देत होता आणि नळाखाली सारखे हात चोळत होता. मावशीनं बशी मांडली. साहेब त्या दिवशी भुकेले होते. नऊच्या आधीच अर्ध्या पानाची जाळी झाली. पेला उचलला, आरोळी झाली, आणि खारूताई आपलं अर्धं पान घेऊन टोपलीवर बसली. आवडलं म्हणून तिनं आणखी एक मागितलं. मावशीनं दिलं.

साडेदहाला ती म्हणाली, "आजी, सगळं धुरातलं दिसतंय."

"डोळे चोळू नकोस."

थोड्या वेळानं मावशीनं वळून बघितलं तर पोरीची हनुवटी, गळा, फ्रॉकचा पुढचा भाग लाळेनं भिजलेला. कपाळावर घाम, सावलीत बसून. मावशीनं तिला जवळ ओढलं तेव्हा ती ओकली, आणि मांडीवर तिचे पाय एकटेच थरथरत राहिले. तो कंप मावशीच्या ओळखीचा होता. बटणं लावताना तिच्या बोटांखाली एक वर्ष तो होता.

कांदेवाल्यानं कांद्याची पोती टेम्पोतून खाली ढकलली आणि पोरीला उचललं. दवाखान्यापर्यंत तो हॉर्नवरून हात काढेना. मावशी मागं बसून नातीचं डोकं एका कुशीवर धरून होती. वाटेत तिनं एकदाच तोंड उघडलं. "चालली होती," ती म्हणाली. "मी डोळ्यांनी बघितलंय, चालली होती."

डॉक्टरीणबाईंनी खारूताईची पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. त्यांनी नर्सला एका इंजेक्शनचं नाव सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, आणि मगच आजीकडं वळल्या.

"काय खाल्लं हिनं?"

"कोबी. कच्चा. पण तपासलेला."

"कुठं तपासलेला?"

"माझ्याकडं. अळी सोडून." मावशीनं सगळं सांगितलं, बशी, पेला, काळे दाणे. डॉक्टरीणबाईंचा हात नातीच्या नाडीवर होता, नजर घड्याळावर. त्या हसल्या नाहीत.

"अळ्या कुठून आणता, आजी?"

"घरच्या आहेत. चार वर्षांच्या."

"परीक्षेत मेलेल्या अळ्यांचं काय करता?"

"टाकते."

"आणि जगलेल्यांचं?"

"बरणीत परत. पुढची अंडी त्यांचीच," मावशी म्हणाली.

दुपारी सून कारखान्यातून धावत आली. तिच्या खांद्याला अजून धाग्याचे तुकडे चिकटलेले होते. ती खाटेशी गेली, मुलीच्या तळपायांना हात लावला, आणि पाठमोरीच राहून म्हणाली, "आई, तुम्ही जरा बाहेर बसा." मावशी बाहेर गेली.

दवाखान्याच्या मागं कुंपणाला लागून गटार होतं आणि गटाराच्या काठानं रानमोहरी माजली होती. तिथं औषध मारायला कोण जातंय. मावशीनं वाकून पानं उलटीपालटी केली. खूप वेळानं एक अळी मिळाली, तिच्या बरणीतल्यांसारखीच, जरा बारीक. कांदेवाल्याला तिनं गाळ्यावर पिटाळलं आणि एक बरणी आणि सकाळचा एक कोबी मागवला. बाकावर रुमाल पसरला. एकच पान, त्यावर एका टोकाला रानातली अळी, दुसऱ्या टोकाला घरची.

रानातली अळी दोन घास खाऊन थांबली. मग तिनं डोकं वर उचललं, डावीकडं फिरवलं, उजवीकडं फिरवलं, तोंडातून हिरवं पाणी टाकलं आणि अंगाचा आकडा करून पडली. कांदेवाल्यानं आणलेला चहा अजून वाफाळत होता. घरची अळी खात खात पुढं आली, वाटेत पडलेल्या अळीवरून चालत पलीकडं गेली आणि तिथून पान कुरतडू लागली.

"च्यायला," कांदेवाला हळूच म्हणाला. "ही तर विषावरच वाढलीय."

"मी वाढवलीय," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळेवाला दवाखान्यात आला. हातात सफरचंदांची पिशवी. ती कुठं ठेवावी ते त्याला कळेना, म्हणून हातातच धरून उभा.

"कधी मारलं होतंस?" मावशीनं विचारलं.

"बुधवारी. संध्याकाळी."

"आणि कापलास?"

"गुरुवारी. पहाटे." त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "डब्यावर लिहिलंय, दहा दिवस थांबा. दहा दिवसांत कोबी फुटतो, मावशी. आणि अळी मरत नाही हो आता. एक औषध मारून बघितलं, दुप्पट मारून बघितलं. मग दोन एकत्र करून मारायला लागलो."

"मला सांगायचंस."

"काय सांगणार? वर्षभर तुमचे साहेब पास करतायत. जास्त झालं असतं तर तुम्ही परत पाठवलं असतं ना. एकदा जरी पाठवलं असतंत तरी मी हात आखडला असता. मी तुमच्या भरवशावर होतो."

मावशीनं त्याच्या हातातल्या सफरचंदांकडं बघितलं. "तू घरी काय खातोस?"

मळेवाल्यानं खाली बघितलं. "आमचा वाफा वेगळा आहे," तो म्हणाला.

खारूताई शनिवारी सकाळी उठून बसली. डोळ्यांवर हात धरून तिनं पेज प्यायली आणि विचारलं, "साहेबांना पण सुई दिली का?" सुनेनं तोंड फिरवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाचली, अंगानं लहान आहे, जपा. आणि बाकी ज्यांनी तो कोबी नेला त्यांचं बघा.

ते बघायला मावशी गटाराकाठच्या आणखी काही अळ्या रुमालात बांधून दवाखान्यातून सरळ बाजारात आली. माझ्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान तिच्या गाळ्यासमोर आहे, त्यामुळे पुढचं मी मशीनवर बसून बघितलं. शनिवारची गर्दी. मावशीनं टोपली उलटी केली, त्यावर बशी ठेवली, आणि येणाऱ्या प्रत्येकाला दंडाला धरून थांबवलं. दोन अळ्या, एक पान. रानातली वाकडी होऊन पडली, घरची खात राहिली. मावशी एका सुरात सांगत होती, "मी तुम्हाला वर्षभर खोटं सांगितलं. मला माहीत नव्हतं, पण सांगितलं. माझ्या शब्दावर घरात कोणाला घातलं असेल तर आज डॉक्टरला दाखवा." शाळेतल्या बाई रडायला लागल्या, त्यांची सून सातव्या महिन्यात होती. घड्याळवाल्यानं पिशवी तिथंच ओतली आणि जे बोलला ते मी एरवी हुबेहूब करून दाखवते, पण इथं लिहीत नाही. पोस्टमास्तर शेवटी आले. दोन्ही अळ्यांकडं बघितलं. ओठाला बोट लावलं. रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि गेले.

मग मावशीनं पाणी उकळलं आणि साती बरण्या त्यात पालथ्या केल्या.

मी बरण्या विसळायला गेले आणि म्हणाले, "मावशी, आता इथं कोणी फिरकणार नाही."

"येतील," ती म्हणाली. "आणि आले की साहेबच मागतील."

"एवढं डोळ्यांनी बघून? शक्यच नाही."

"लाव पैज."

आठ दिवसांची पैज लागली. कोणीतरी येऊन अळी मागितली, तर मी महिनाभर कोणाचीही नक्कल करायची नाही, मावशीची तर नाहीच. कोणीच नाही आलं, तर मावशीनं भर बाजारात कांदेवाल्याची नक्कल करून दाखवायची. कांदेवाल्यानं ऐकलं आणि तो म्हणाला, "मी माझ्या हातानं डोळा बारीक कसा करायचा ते शिकवतो." मला वाटलं, जिंकलेच.

मावशीनं मळेवाल्याचा माल बंद केला. एका बाईच्या परसातला कोबी ठेवायला लागली, मुठीएवढे गड्डे, चाळणीसारखी पानं. त्याला हात कोण लावणार. पलीकडच्या रांगेत मळेवाल्यानं दुसरा गाळा गाठला होता. तिथला कोबी लांबूनसुद्धा चमकायचा. सोमवारी त्या गाळ्यापुढं बँकेतल्या बाई दिसल्या, मंगळवारी घड्याळवाला.

बुधवारी पोस्टमास्तर त्याच गाळ्यावरून आले. हातात नवा गड्डा, घट्ट, मध्यम. तो त्यांनी मावशीच्या टोपलीवर ठेवला.

"अळी सोडा," म्हणाले.

"मास्तर, त्या मारल्या मी. रानातल्या एक-दोन आहेत, पण—"

"चालेल."

मावशीनं त्यांच्याकडं बघितलं. "आणि ती मेली तर?"

मास्तरांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं. "सोडा. चालली म्हणा. घरी विचारतात." मग थोडं थांबून, "मेल्यास कळवू नये."

मावशी माझ्याकडं वळलीसुद्धा नाही. तिनं तो गड्डा उचलला आणि बराच वेळ दोन्ही हातांत धरून ठेवला. पैजेचा तो पाचवा दिवस होता, आणि मी हरले होते.